छपरातल्या तिरप्या पट्ट्या

शेतकरी बंधुभगिनींनो, आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांतून शिकवणाऱ्या शिक्षक मंडळींनो, आज जरा मान वर करून आढ्याकडे पाहू या.

जामखेड-खर्ड्याकडचे जुने घर म्हणजे माळवदाचे. दगडमातीच्या जाड भिंती, वर तुळया, त्यांवर किलचन आणि त्यावर मातीचा जाड थर. वाऱ्यावावटळीची त्याला फिकीर नसे. मात्र जमीन हलली की तेच ओझे जिवावर येई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

जुन्या शाळा, चावड्या आणि गोदामे यांचे छप्पर पुष्कळदा वेगळे असते. तिथे लाकडी कैच्या आणि वर कौले. दोन तिरपी लाकडे वर आढ्यापाशी मिळतात, खाली आडवी तुळई त्यांचे पाय बांधून ठेवते, आणि मध्ये लहानमोठे दांडे. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडलेले असल्यामुळे कैची वरून येणारा भार चांगला पेलते. पण तिला बाजूने ढकलले तर? तिथे ती अगदी दुबळी. वर्गातली पाटी काठावर उभी करून पाहा. दहा पाट्या ओळीने उभ्या केल्या आणि पहिलीला बोट लावले, की सगळ्या एकामागून एक आडव्या होतात.

कैच्या अशा पडू नयेत म्हणून जुने सुतार त्यांना एकमेकींशी बांधून टाकीत. ही बांधणी तीन जागी लागते. एक, वरच्या उतारावर कौलांच्या खाली. दुसरी, दोन कैच्यांच्या मध्ये उभी, फुलीसारखी. आणि तिसरी, खाली तुळयांच्या पातळीवर. नुसती सरळ आडवी लाकडे टाकून भागत नाही. सगळ्या कैच्या एकाच बाजूला कलल्या, तर आडवी लाकडेही त्यांच्याबरोबर निघून जातात. अडवते ती तिरपी पट्टी.

शिक्षकांनी हे मुलांना वर्गात दाखवावे. बांबूच्या चार कामट्यांचा चौकोन करा आणि प्रत्येक कोपऱ्यात एकेकच टाचणी मारा. चौकोन सहज तिरका होतो. आता एक कामटी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बांधा. तोच चौकोन मुळीच हलणार नाही. दुसरा प्रयोग फूटपट्टीचा. पट्टी दोन्ही टोकांनी दाबली की बाजूला वाकते. मध्यावर एका मुलाने चिमटीत धरली, की हिशेबाने चौपट जोर सोसते. कैचीतले लांब, बारीक दांडे असेच मध्यावर धरून ठेवावे लागतात.

आता अलीकडची एक गोष्ट ध्यानात घ्या. पुष्कळ ठिकाणी कौले उतरवून त्याच जुन्या कैच्यांवर पत्रे चढवले जातात. मंगलोरी कौलांचे छप्पर रिपांसह चौरस मीटरला साठएक किलो भरते. पत्रा भरतो पाच-सहा किलो. ओझे कमी झाले म्हणून आपल्याला बरे वाटते. पण वळवाच्या पावसाआधी वारा सुटतो, तेव्हा ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो असतो. हा वारा उतारावरून जाताना पत्रा वर ओढतो. दारे-खिडक्या उघडी असतील तर आतूनही लोटतो. कौलांच्या वजनाने जे छप्पर बसून राहत होते, ते आता उचलू लागते. एरवी ताणलेली तुळई अशा वेळी उलट दाबली जाते आणि फूटपट्टीसारखी बाजूला वाकू पाहते. म्हणजे पत्रे घातल्यावर खालच्या बांधणीची गरज वाढली. आणि नेमकी तीच पट्टी आपण काढतो! पंख्याच्या आड येते, वायर न्यायला अडचण होते, छताला तक्तपोशी करायची असते. मग एक घाव घालून मोकळे होतात. पट्टी काढली त्या दिवशी काही पडत नाही, म्हणून ती निकामीच होती असे वाटते. तिचे काम वादळाच्या दिवशी असते.

तेव्हा मृगाच्या आधी, सुट्टीतच, छप्पर तपासावे. गुरुजींनी वर चढू नये. जमिनीवरून पुष्कळ दिसते. इमारतीच्या एका टोकाला उभे राहून आढ्याची रेघ पाहा. ती सरळ आहे का, की मध्येच पोटासारखी निघाली आहे? कैच्या ओळंब्यात उभ्या आहेत की एकीकडे झुकल्या आहेत? दोन्ही टोकांच्या खणांत तिरप्या पट्ट्या आहेत का? कुठे नुसत्या खिळ्यांची भोके उरली आहेत? पुढचे काम जाणत्या सुताराचे. त्याने शिडी लावून प्रत्येक जोड पाहावा. पट्टीचे टोक चिरले आहे का, लाकूड वाळून बोल्ट सैल झाले आहेत का, भिंतीत शिरलेले लाकडाचे टोक ओलीने कुजले आहे का. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, किंवा टोच्या सहज आत गेला, तर आत वाळवी किंवा कीड आहे असे समजावे. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तीही खूणच. कैचीचा पाय भिंतीला घट्ट जखडला आहे ना, हेही पाहावे.

काय आढळले ते तारीख घालून वहीत लिहा. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा आणि पंचायत समितीच्या बांधकाम विभागाला लेखी कळवा. दुसऱ्या वर्षी तीच वही घेऊन पुन्हा पाहा, म्हणजे झुकाव वाढला की तितकाच आहे, ते कळते. दुरुस्ती करताना जुनी पट्टी काढण्याआधी टेकू द्या, आणि एका वेळी एकच काढा.

आपल्याच जिल्ह्यात, निंबोडीला, ऑगस्ट २०१७ मध्ये शाळेचे छत कोसळून तीन मुले गेली. छप्पर कोणत्याही जातीचे असो, शंका आली की आधी मुलांना बाहेर काढावे आणि कागदपत्र मागून करावेत. झाडाखाली भरलेली शाळा एक दिवस चालते. सुताराची मजुरी आणि चार पट्ट्यांचे लाकूड एवढ्यात जे काम होते, ते या उन्हाळ्यात करून टाका.