संगणकाची वाढीव गति

तारापूरच्या समुद्रकांठीं १९६९ सालीं अणुशक्तीवर वीज निर्माण करणारे दोन संच सुरू झाले. प्रत्येकाची शक्ति २१० मेगावॅट ठरविलेली होती. पुढें त्यांच्या दुय्यम बाष्पजनकांतील नळ्या गळूं लागल्या, तेव्हां १९८४-८५ च्या सुमारास तो आंकडा १६० वर उतरविण्यांत आला, आणि त्या मर्यादेंत ते संच पुढें कित्येक वर्षें चालले. यंत्राच्या पाटीवरील आंकडा म्हणजे कांहीं ब्रह्मलिखित नव्हे. तो खालीं आणतां येतो, तसा वरहि नेतां येतो.

पालघर-बोईसरकडील हौशी तरुण आपल्या घरच्या संगणकाच्या बाबतींत या दुसऱ्या वाटेनें जाऊं पाहतात. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. संगणक सुरू होतांच मदरबोर्डावरील एका लहानशा चिपेंत सांठविलेली आज्ञावली प्रथम जागी होते. तिचें जुनें नांव बायोस. त्याच वेळीं डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबली असतां तिचें पत्रक पडद्यावर उघडतें. त्यांत मूळ ठोका बहुधा सेकंदाला दहा कोटींचा असतो; त्याला गुणकानें गुणावयाचें. गुणक ४२ असेल तर प्रोसेसर सेकंदास ४२० कोटी ठोके देतो. मात्र गुणक बदलण्याची मोकळीक प्रत्येक प्रोसेसरास नसते. तें विकत घेतांनाच पाहावें लागतें.

गति वाढली कीं विजेचा दाबहि बहुधा वाढवावा लागतो, आणि खरी मेख तेथेंच आहे. उष्णता गतीच्या प्रमाणांत वाढते, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. गति दहा टक्के चढविली आणि दाब १.२ व्होल्टवरून १.३ वर नेला, तर उष्णता सुमारें २९ टक्क्यांनीं वाढते! शिवाय पौषांत २५ अंशांच्या खोलींत निर्धोक ठरलेली मांडणी वैशाखांत ३५ अंशांच्या खोलींत तितकीच निर्धोक राहील, असें कोणीं समजूं नये. प्रोसेसर फार तापला तर तो आपली गति आपणच कमी करतो. मग सारा खटाटोप व्यर्थ.

स्मृतीची गोष्ट जरा मौजेची आहे. डीडीआर-४ जातीची, सेकंदास ३२० कोटी देवघेवी करणारी म्हणून घेतलेली पट्टी पुष्कळदां २१३ कोटींवरच चालत असते. पत्रकांत एक्सएमपी हा पर्याय निवडीपर्यंत, पैसे मोजून घेतलेली गति पदरांत पडतच नाहीं. हा पर्याय दाब १.३५ व्होल्टपर्यंत नेतो.

परंतु गळकी नळी तपासणींत सांपडते. स्मृतींत बिघडलेला एखादा अंक मुकाट राहतो. संगणक बंद पडत नाहीं, आणि वर्षाचा जमाखर्च किंवा मुलाचा प्रबंध मात्र नकळत चुकीचा लिहिला जातो. म्हणून घरांतील एकुलत्या एका संगणकावर हे प्रयोग न करणेंच शहाणपणाचें. ज्याला करावयाचेच असतील, त्यानें महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत अगोदर अन्यत्र ठेवावी, एका वेळीं एकच आंकडा बदलावा, तो वहींत टिपावा, आणि मेमटेस्ट८६ सारखी परीक्षा रात्रभर चालू द्यावी. एक जरी चूक निघाली तरी मागें यावें. पडदा अंधाराच राहिला तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी कांहीं मिनिटें काढून ठेवल्यास बहुधा मूळचे आंकडे परत येतात. तत्पूर्वीं विजेची तार भिंतींतून सोडविलेली असावी.