मोत्यांच्या माळेची ओळख
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



व्याख्यान द्यावे एवढे माझे शिक्षण नाही. सातवी झाले आणि संसाराला लागले. पण कुंड्यांचा नाद जुना, आणि एका वेलीविषयी आपल्यातल्या पुष्कळजणी मला विचारतात, तेव्हा चिटणीसबाईंचा आग्रह मोडवला नाही.

हल्ली खिडक्याखिडक्यांतून हिरव्या मण्यांच्या माळा लोंबताना दिसतात. कोणी तिला मोत्यांची माळ म्हणते, कोणी मटारवेल. हे दुसरे नाव मला मुळीच पसंत नाही. मटार म्हटले की मूल तोंडात घालणारच! आणि ही वेल विषारी आहे, बरे का. पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, आणि तिच्या रसाने काहींच्या अंगाला पुरळही उठते. म्हणून आधी ओळख, मग हौस.

तो मणी म्हणजे शेंग नव्हे, फळ नव्हे. ते पान आहे. ही मूळची दक्षिण आफ्रिकेतली, कोरड्या मुलखातली. पाणी साठवायचे आणि उन्हाला अंग थोडे दाखवायचे, म्हणून पान गोल झाले. मणी हातात घेऊन नीट पाहा. टोकाला बारीक अणकुची असते आणि एका बाजूला काचेसारखी पारदर्शक रेघ. ती रेघ म्हणजे पानाची खिडकी. तिच्यातून उजेड आत जातो. मणी लांबट आणि कलिंगडासारख्या पुष्कळ रेघांचे असतील, तर ती तिची बहीण. केळ्यासारखी वाकडी पाने असतील, तर ती दुसरी बहीण.

खरे कूळ कळते ते फुलावरून. थंडीच्या दिवसांत, भरपूर उजेड असेल तर, बारीक दांड्यावर पांढरा गोंडा येतो. त्याला दालचिनीचा वास येतो. तो गोंडा म्हणजे एक फूल नव्हे, इवल्याइवल्या फुलांचा झुबका आहे. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांचे असते तसेच. म्हणजे ही शेवंतीच्याच कुळातली! १९६८ साली याकोबसेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने गॉर्डन रोली या इंग्रज अभ्यासकाच्या नावावरून तिला ‘सेनेसिओ रोलेयानस’ असे नाव दिले. आता शास्त्रज्ञ तिला ‘क्युरिओ’ म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटी कासच्या पठारावर आणि आपल्या गडांवर पिवळीधमक सोनकी फुलते ना, ती सेनेसिओच. तेव्हा ही पाहुणी अगदीच परकी नाही.

आता जोपासना. ही वेल उन्हापेक्षा पाण्यानेच जास्त मरते. आपण बायका मायेने रोज तांब्याभर पाणी घालतो, आणि मुळे कुजतात. मणी टणक आहेत तोवर पाणी नको. मण्याला किंचित सुरकुती पडली, की भरपूर घालावे आणि खालून सगळे निथळू द्यावे. तिची मुळे वरवरची असतात. म्हणून कुंडी मातीची, उथळ आणि भोकाची घ्यावी. निम्मी माती आणि निम्म्यात जाड वाळू व विटांचा चुरा. नुसत्या कोकोपीटमधले रोप आणले, तर बदलून लावावे. ते पावसाळ्यात ओले ते ओलेच राहते.

सकाळचे कोवळे ऊन तिला मानवते, दुपारचे नको. मूळ ठिकाणी ती लोंबत नसते, झुडपांच्या आडोशाने जमिनीवर पसरते. पावसाळ्यात तर पागोळ्याही अंगावर पडता कामा नयेत. कोकणातल्या दमट हवेत तिला फार जपावे लागते. घाटावर सोपे जाते.

नवे रोप करणे अगदी सोपे. चार बोटे लांब माळ कापावी, दोन दिवस सावलीत ठेवून चीर सुकू द्यावी आणि ओलसर वाळूवर वेटोळे करून ठेवावी. पुरायची गरज नाही; पेरे मातीला टेकले की तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. कुंडीत मधे टक्कल पडले असेल, तर लोंबती माळच वर वळवून घ्यावी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी अशी रोपे वाण म्हणून देते. ज्यांच्या घरी रांगते मूल आहे, त्यांना मात्र शेवंतीचे रोप.