लोकसंख्या, घनता आणि जीवनमान



महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची पहिली जनगणना १९६१ साली झाली. त्या वेळी राज्याची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती ११ कोटी २४ लाखांवर गेली. राज्याचे क्षेत्रफळ मात्र तेच, सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, राहिले. साहजिकच ज्या एका चौरस किलोमीटरमध्ये १९६१ साली सरासरी १२९ माणसे राहत होती, तेथे २०११ साली ३६५ माणसे राहू लागली. २०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे पुढे ढकलावी लागली व नव्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरविण्यात आला. म्हणून पुढील विवेचनातील लोकसंख्येचे आकडे मुख्यतः २०११ चे आहेत.

या आकड्यांवरून एक निष्कर्ष नेहमी काढला जातो. माणसे वाढली, म्हणून हाल वाढले, असा तो निष्कर्ष होय. गावच्या पारावर तो ऐकू येतो, तसाच सभागृहातील चर्चेतही ऐकू येतो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तो जसाच्या तसा स्वीकारला, तर गावाच्या विकासाचा आराखडा चुकीच्या पायावर उभा राहण्याचा धोका आहे. यासाठी लोकसंख्येचा भार नेमका कशावर पडतो, हे पारखून घेणे अगत्याचे आहे.

वाटल्याने कमी होणाऱ्या गोष्टी

माणसाच्या जीवनास लागणाऱ्या गोष्टी स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या गोष्टी वाटेकरी वाढले की कमी होतात. जमीन हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील एका वहितीचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. ज्या बांधाच्या आत आजोबांचे एक कुटुंब पोसले जात होते, त्यात आता तीन चुली मांडल्या गेल्या आहेत. चराऊ रान, सरपण आणि भूजल यांचीही हीच गत आहे. पाऊस माणसे मोजून पडत नाही. विहिरीचे झरे तेवढेच राहतात आणि उपसा करणारे वाढतात. येथे लोकसंख्यावाढीचा भार प्रत्यक्ष जाणवतो व तो नाकारण्यात अर्थ नाही.

वाटल्याने परवडणाऱ्या गोष्टी

दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींची तऱ्हा वेगळी आहे. रस्ता, नळपाणी योजना, शाळा, दवाखाना, वीजवाहिनी यांचा उपयोग करणारी माणसे जवळजवळ राहत असली, तर दरडोई खर्च कमी येतो. शंभर घरांच्या एका गावाला जी जलवाहिनी पुरते, तीच घरे दहा पाड्यांत विखुरली तर कितीतरी लांब टाकावी लागते. येथे दाटी ही अडचण नसून सोय ठरू शकते.

याचा पडताळा देशातील राज्यांची तुलना केली असता येतो. २०११ मध्ये केरळात दर चौरस किलोमीटरला ८६० माणसे राहत होती, तर मध्य प्रदेशात २३६. दाटी हेच हालाचे कारण असते, तर केरळची स्थिती अधिक वाईट असावयास हवी होती. परंतु नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालानुसार एक हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या केरळात ६ होती आणि मध्य प्रदेशात ४३. महाराष्ट्रात ती १६ होती. दुसऱ्या बाजूस, बिहारची घनता केरळहूनही अधिक, म्हणजे ११०६ होती आणि तेथील अर्भक मृत्यूदर २७ होता. अर्थात नुसत्या दाटीने सुख येते असेही म्हणता येणार नाही. केरळात २०११ साली सुमारे ९२ टक्के स्त्रिया साक्षर होत्या, बिहारमध्ये सुमारे ५२ टक्के. हा फरक घनतेच्या आकड्यात दिसत नाही. तो शाळेच्या हजेरीपटावर आणि बाळंतिणीच्या खोलीत दिसतो.

संपूर्ण देशाचा अनुभवही असाच आहे. १९७१ मध्ये भारताची घनता १७७ होती, २०११ मध्ये ती ३८२ झाली. परंतु १९७१ साली हजारी १२९ असलेला अर्भक मृत्यूदर २०२० मध्ये २८ वर आला. १९७०-७५ या काळात सरासरी आयुर्मान ४९.७ वर्षे होते, ते २०१६-२० मध्ये ७० वर्षे झाले. माणसे दुपटीहून अधिक झाली असताना ती अधिक काळ जगू लागली, याचे श्रेय लसीकरण, अन्नधान्याची वाढ, आरोग्यसेवेचा विस्तार आणि शिक्षण यांना द्यावे लागेल.

विरळ वस्तीची किंमत

याच दृष्टीने आपल्या राज्यातील दोन जिल्ह्यांकडे पाहावे. २०११ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याची घनता ५०४ होती, गडचिरोलीची केवळ ७४. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीच्या भागात ३० हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक, असा निकष आहे. सरासरी घनतेने हिशेब केला, तर कोल्हापुरात ३० हजार माणसे सुमारे ६० चौरस किलोमीटरमध्ये सापडतात. गडचिरोलीत २० हजार माणसांसाठी सुमारे २७० चौरस किलोमीटर लागतात. निकष शिथिल करूनही गडचिरोलीच्या आरोग्य केंद्राला चौपटीहून अधिक मुलूख सांभाळावा लागतो, आणि तोही जंगल, नदीनाले व पावसाळ्यात तुटणारे रस्ते यांचा. कागदावर निकष पूर्ण होतो, पण अडलेल्या बाईच्या दृष्टीने दवाखाना दूरच राहतो.

यावर तोडगा निघू शकतो, हेही गडचिरोलीनेच दाखवून दिले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारण्यात आली. जेथे माणसे दवाखान्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत, तेथे सेवा माणसांपर्यंत न्यावी लागते, हा त्याचा बोध होय.

दाटीचा लाभ आपोआप मिळत नाही

मुंबईत परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यात २०११ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे २१ हजार माणसे राहत होती. इतक्या दाट वस्तीत प्रत्येक घराला नळ व शौचालय देणे दरडोई खर्चाच्या दृष्टीने सोपे असावयास हवे. तरीही बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के कुटुंबे झोपडपट्टीत राहत असल्याचे त्याच जनगणनेत आढळले. एकाच रस्त्याच्या एका बाजूस उंच इमारत आणि दुसऱ्या बाजूस सार्वजनिक शौचालयापुढील रांग, असे दृश्य दिसते. दोन्हीकडे दाटी आहे, फरक हक्काच्या जागेचा आणि सोयींचा आहे.

२०२० च्या एप्रिलमध्ये धारावीत कोविडचा पहिला रुग्ण आढळला, तेव्हा सारे चिंतेत पडले. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत असताना अंतर पाळणार कसे, हा प्रश्न होता. घरोघरी तपासणी, ताप-चिकित्सा केंद्रे, शाळा व सभागृहांत विलगीकरण आणि सार्वजनिक शौचालयांची वारंवार स्वच्छता हे उपाय योजले गेले व साथ आटोक्यात आली. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी या कामाचा उल्लेख केला. दाटी एका रात्रीत हटविता आली नाही, पण व्यवस्था उभारता आली.

पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. लातूर जिल्ह्याची घनता राज्याच्या सरासरीहून कमीच, ३४३ होती. उलटपक्षी मुंबईला तानसा, भातसा यांसारख्या शहापूर तालुक्यातील जलाशयांतून पाणी मिळते आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागत आली आहे. पाणी कोठे आहे, यापेक्षा ते कोणाकडे वळविले जाते, हा प्रश्न येथे मोठा ठरतो.

वाढ कशाने मंदावते?

येथवरच्या विवेचनावरून कुटुंबनियोजनाचे महत्त्व कमी झाले, असा अर्थ कोणी काढू नये. जमीन व पाणी यांवरील भार खरा आहे, आणि वाढीचा वेग अधिक असेल तर शाळेची नवी खोली बांधून होईपर्यंत तीही अपुरी पडते. या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते. देशाचा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. १९७६ मध्ये सक्तीचा मार्गही विचारात घेण्यात आला. त्यासाठीचे विधेयक राज्य विधिमंडळाने संमत केले, परंतु राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. देशभर त्या काळात झालेल्या जबरदस्तीमुळे कार्यक्रमावरील लोकांचा विश्वास मात्र ढळला.

त्यानंतर जे घडले ते शांतपणे घडले. १९९१ ते २००१ या दशकात राज्याची लोकसंख्या २२.७ टक्क्यांनी वाढली होती, पुढील दशकात ती १६ टक्क्यांनी वाढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा एकूण जननदर १.७ आढळला. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहण्यास सुमारे २.१ चा दर लागतो. महाराष्ट्र त्याही खाली आला आहे. मुली शिकल्या, जन्मलेले मूल जगेल असा भरवसा आईबापांना वाटू लागला, आणि साधने हाताशी आली, ही त्यामागील प्रमुख कारणे होत. परंतु त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे दिसले. लोकसंख्येच्या कामातील हा अपुरा राहिलेला भाग आहे आणि तो गावातच पुरा व्हावयाचा आहे.

ओसरणारी गावे

आता एका नव्या परिस्थितीची दखल घ्यावयास हवी. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गची २.२ टक्क्यांनी घटली. तरुण चाकरमानी मुंबई-पुण्याकडे गेले. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया असल्याचे २०११ मध्ये दिसले. घरे गणपतीत व शिमग्यात उघडतात, एरवी वृद्ध माणसे राखण करतात. दाटी कमी झाली, पण शाळेचा पट घटला, शेत पडीक राहिले आणि आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात नेण्यास माणूस मिळेनासा झाला. २०११ मध्येच राज्यातील ९.९ टक्के लोक साठीच्या पुढे होते. जननदर घटल्याने हे प्रमाण वाढतच जाणार आहे.

पंचायतीचा हिशेब

तात्पर्य, गाव दाट आहे की विरळ, एवढ्यावरून गावाचे सुखदुःख ठरत नाही. जे वाटल्याने कमी होते, ते जपून वापरले जाते की नाही; आणि जे वाटल्याने परवडते, ते सर्वांपर्यंत पोहोचते की नाही, यावर ते ठरते.

ग्रामपंचायतीने विकास आराखडा करताना एकूण लोकसंख्येचा आकडा लिहून थांबू नये. जन्म-मृत्यूची नोंदवही तिच्या दप्तरी असतेच. गेल्या पाच वर्षांत जन्म किती झाले, त्यांतील किती बालके दगावली, साठीच्या पुढील एकटी माणसे किती, हे त्या नोंदींवरून व घरोघरच्या माहितीवरून सहज काढता येईल. शिक्षकांनी शाळा सोडलेल्या मुलींची नावे ग्रामसभेपुढे कारणांसह ठेवावीत. त्यांतील प्रत्येक नाव हे संभाव्य बालविवाहाची पूर्वसूचना असू शकते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याखालील नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले आहे. ते अंतर नकाशावर न मोजता लहान मुलाच्या पावलांनी, ओढा ओलांडून मोजावे. अधिकाऱ्यांनी निधीची वाटणी करताना डोकी मोजावीत, तशीच वाटही मोजावी, म्हणजे विरळ वस्तीच्या पाड्यावर अन्याय होणार नाही. विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर नोंदवून त्या वर्षीचे पीक ग्रामसभेने ठरवावे.

जनगणना येईल आणि गावाची संख्या सांगून जाईल. त्या संख्येतील प्रत्येक माणसाच्या वाट्याला काय आले, हे मात्र गावानेच मोजावयाचे आहे.