पाण्यावरचा पहिला पतंग

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. पतंग म्हटला की संक्रांत, गच्ची आणि मांजा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडी गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारी उभे राहा. समुद्रावर मोठमोठे रंगीत पतंग दिसतील, आणि प्रत्येक पतंगाच्या दोऱ्यांखाली एक माणूस फळीवर पाय रोवून पाणी कापीत चाललेला दिसेल. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यती पहिल्यांदाच झाल्या. त्या मार्सेयच्या समुद्रात घेतल्या गेल्या.

हा पैसेवाल्या पाहुण्यांचा खेळ, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आपल्या किनाऱ्यावरची मुले जलक्रीडेच्या धंद्यात मदतनीस म्हणून जातात. ती पाण्याला भीत नाहीत, रोज दुसऱ्याचे पतंग फुगवून आणि घडी करून देतात. एक दिवस स्वतःचा पतंग घ्यावा असे त्यांना वाटणारच. आणि मग कोणता घ्यावा हे ती गावातल्या मास्तरांनाच विचारणार. म्हणून हे बोलणे त्या मुलांइतकेच शिक्षक बंधुभगिनींसाठीही आहे.

मास्तरांचा आणि या पतंगाचा संबंध जुनाच आहे बरे का! इंग्लंडात ब्रिस्टल शहरी जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी १८२६ साली पतंगांनी ओढायच्या गाडीचे पेटंट घेतले. त्या काळी रस्त्यावरची जकात गाडीला किती जनावरे जुंपली आहेत त्यावर आकारीत. यांच्या गाडीला घोडाच नाही, तेव्हा जकात कसली घेणार? याच मास्तरांनी आपल्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाने उंच उचलले होते. त्या मुलीचा मुलगा म्हणजे क्रिकेटचे ते प्रसिद्ध दाढीवाले डब्ल्यू. जी. ग्रेस. असो. आजच्या पाण्यावरच्या पतंगाचा मूळपुरुष मात्र फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला. लेगेन्यू आडनावाच्या दोघा भावांनी १९८४ साली हवा भरायच्या पतंगाचे पेटंट घेतले. फुटबॉलच्या आत ब्लॅडर असते ना, तसे लांब ब्लॅडर या पतंगाच्या पुढच्या कडेत असते. पंपाने ते टणक फुगवले की त्याचाच पतंगाला कणा होतो, आणि पाण्यात पडला तरी पतंग बुडत नाही. पुन्हा उठवता येतो.

आता मुख्य गोष्ट. आपली वावडी कितीही मोठी असली तरी माणूस जमिनीवर उभा असतो, आणि ओढ फार झाली तर तो दोर सोडून देतो. इथे पतंग माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला असतो. वीस-चोवीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या, हातात दांडा, आणि पतंगाची ओढ सगळी कमरेवर. म्हणून आकार निवडताना चूक झाली तर ती कापडाची राहत नाही, माणसाच्या जिवावर येते.

मी भूगोल शिकवतो, तेव्हा वाऱ्याविषयी दोन शब्द बोलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे पतंगाची ओढ दुप्पट होते असे आपल्याला वाटते. तसे नाही, ती चौपट होते. वेग दीडपट झाला तर ओढ सव्वादोनपट. समुद्रावर वारा नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. वारा मोजायचे यंत्र जवळ नसले तरी डोळे असतात. झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सारख्या हलत असल्या तर वारा सातदहा नॉटचा समजावा. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, समुद्रावर बऱ्याच पांढऱ्या लाटा फुटू लागल्या, की अकरा ते सोळा. पालेदार लहान झाडे डोलू लागली की सतरा ते एकवीस. हे ब्यूफोर्टचे कोष्टक वर्गात मुलांकडून घोकून घेण्यापेक्षा शाळेच्या पटांगणात उभे राहून शिकवले तर ते जन्मभर टिकेल.

आकारासाठी एक ढोबळ हिशेब आहे. माणसाचे किलोतले वजन घ्यावे, त्याला २.२ ने गुणावे आणि वाऱ्याच्या नॉटने भागावे. जे उत्तर येईल तितक्या चौरस मीटरचा पतंग. पंचाहत्तर किलोच्या माणसाला पंधरा नॉटच्या वाऱ्यात अकरा मीटरचा पतंग येतो. हिशेब ढोबळच आहे. पतंगाची घडण, फळीचा आकार आणि माणसाचे कसब यांवर तो थोडा इकडेतिकडे होतो. पण नवशिक्याने तो नेहमी लहान पतंगाकडे झुकवावा, आणि वारा झोतांनी वाहत असेल तर सरासरी न धरता मोठ्यात मोठा झोत धरावा.

माझा एक माजी विद्यार्थी असाच मोसमात किनाऱ्यावर कामाला होता. वजन पंचावन्न किलो. मायदेशी परतणारा एक पाहुणा आपला जुना चौदा मीटरचा पतंग फार स्वस्तात देऊन टाकीत होता. मुलगा मला म्हणाला, “सर, एवढ्या पैशांत एवढं मोठं कापड कुठं मिळणार?” जणू तो ताडपत्रीच घेत होता! आम्ही कागदावर हिशेब केला. चौदा मीटरचा पतंग त्याला पेलेल तो साडेआठ-पावणेनऊ नॉटच्या वाऱ्यात. आणि एवढ्या मंद वाऱ्यात शिकाऊ माणूस फळीवर उभाही राहू शकत नाही. दुपारी वारा चढून सतरा नॉट झाला की ओढ चौपट. मग त्या मुलाला पतंग कुठे नेऊन आपटेल? चौदा नॉटच्या वाऱ्यात त्याचे माप येत होते साडेआठ ते नऊ मीटर. तो थोडा हिरमुसला. पण तो पतंग त्याने घेतला नाही. पुढच्या मोसमात नऊ मीटरचा घेतला, तोही वापरलेलाच, पण बघून-तपासून.

घडणीविषयी फार बोलत नाही. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा खोल वाकलेला पतंग उड्या मारणाऱ्या कसबी लोकांचा. दांडा दूर लोटला तरी त्याची ओढ पुरती मरत नाही. शर्यतीत दिसतात ते कप्प्याकप्प्यांचे, कणा नसलेले पतंग. ते पाण्यात पडून कप्प्यांत पाणी शिरले की नवशिक्याच्याने उठत नाहीत. ऑलिंपिक पाहून कुणी तो मागू नये. २००५ च्या सुमारास धनुष्यासारख्या चपट्या घडणीचे फुगवायचे पतंग बाजारात आले. दांडा सोडला की त्यांची ओढ जवळजवळ नाहीशी होते, आणि पाण्यातून ते सहज उठतात. पहिला पतंग या कुळातला असावा.

नवा घ्यायचा तर सहज लाख रुपयांच्या वर खर्च येतो, म्हणून आपल्या मुलांच्या वाट्याला बहुधा वापरलेलाच येणार. त्यात लाज काही नाही, मात्र पारख हवी. संध्याकाळी पतंग टणक फुगवून ठेवावा आणि सकाळी पाहावा. मऊ पडला असेल तर ब्लॅडर किंवा झडप गळते आहे. कापड उन्हासमोर धरावे म्हणजे बारीक भोके दिसतात. चांगले कापड चिमटीत कुरकुरते. उन्हाने खाल्लेले कापड जुन्या धोतरासारखे लुळे लागते. ते जोराच्या वाऱ्यात फाटणारच. मग चारही दोऱ्यांची टोके एका खिळ्याला अडकवून ताणावीत. पुढच्या दोन दोऱ्यांवर भार जास्त, म्हणून त्या वापराने लांबतात, आणि मग पतंग मागे ढासळत राहतो. ज्याने लहानपणी कण्णी चुकीची बांधली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

यानंतर सोडण्याची कळ. कमरेच्या पट्ट्याशी पतंग जिथे अडकतो तिथे ही कळ असते. ती एका हाताने, अंगावर पूर्ण ताण असताना, डोळे मिटूनही सुटली पाहिजे. विकत घेण्यापूर्वी दोरी खांबाला बांधून, आपले वजन मागे टाकून, ती पाचसहा वेळा सोडून पाहावी. तिच्यात वाळू अडकते आणि ती घट्ट होते. कळ सुटली की पतंग एकाच दोरीवर लोळण घेतो, आणि तरीही ओढ राहिली तर तो पट्टाही सोडायची दुसरी सोय असते. या कळींसाठी २०२० साली आंतरराष्ट्रीय मानकही निघाले आहे. जुन्या पतंगाची कळ बरी नसेल तर दांडा नवा घ्यावा. तिथे काटकसर करू नये.

आता कोणत्या वाऱ्यात उतरायचे, हे कोळीबांधवांना मी सांगावे असे नाही. दुपारी समुद्राकडून येतो तो खारा वारा, पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. मतलई वाऱ्यावर आपले बापजादे शिडे उभारून बाहेर पडत. पण पतंगवाल्याने मतलईत कधीही उतरू नये; पतंग पडला की वारा त्याला किनाऱ्यापासून दूर नेतो, आणि त्याच्यापाशी वल्हे नसते. सरळ किनाऱ्यावर आदळणारा वाराही वाईट. तो माणसाला वाळूवर, कुंपणावर, माडावर फेकतो. किनाऱ्याला तिरपा वाहणारा वारा उत्तम, आणि पतंगाच्या ओढीच्या दिशेने निदान दोन दोऱ्यांच्या लांबीइतकी जागा मोकळी हवी.

आणि हे सारे जाणत्या शिक्षकाकडून शिकल्यावर. शिकवणी दहाबारा तासांची तरी असावी. तिची सुरुवात दोन-तीन चौरस मीटरच्या लहान पतंगाने वाळूवरच होते. तो स्वस्त असतो आणि दोनच दोऱ्यांचा असतो. किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेने असा एक पतंग घेतला तर खेळाच्या तासाला तो मोठ्या मुलांच्या हाती देता येईल. पतंग अगदी डोक्यावर धरला की ओढ कमी, वाऱ्याच्या दिशेला खाली समोर आणला की एकदम जोराची, हे मुलांना पहिल्या पाच मिनिटांतच हाताने कळते. मात्र ज्या पटांगणावरून विजेच्या तारा गेल्या आहेत तिथे तो उडवू नये, आणि वारा बारा नॉटच्या वर असेल त्या दिवशी लहान मुलाच्या हातात दांडा देऊ नये.