गोठविलेल्या त्वचेचे जीवनदान



शरीरातील पाणी व उष्णता राखणे आणि रोगजंतूंना बाहेरच थोपविणे, ही कामे त्वचा अहोरात्र करीत असते. माणूस मोठ्या प्रमाणावर भाजला की ही तटबंदी कोसळते. जखमांतून पाणी व प्रथिने झिरपू लागतात, जंतूंना मोकळी वाट मिळते आणि जीव धोक्यात येतो.

अशा जखमेवर रुग्णाच्याच निरोगी त्वचेचा पातळ पापुद्रा लावणे हा उत्तम उपाय होय. परंतु निम्म्याहून अधिक शरीर भाजलेल्या रुग्णाजवळ तेवढी त्वचा उरत नाही. अशा वेळी मृत दात्याची त्वचा उपयोगी पडते. ती कायमची रुजत नाही. शरीर परकी त्वचा ओळखून ती झिडकारते, हे पीटर मेडावार यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अभ्यासिले. तरीही साधारणतः दोन-तीन आठवडे ती जखम झाकते, वेदना कमी करते आणि रुग्णाची स्वतःची त्वचा पुन्हा काढण्याजोगी होईपर्यंत अवधी मिळवून देते.

दाता व रुग्ण एकाच वेळी मिळतील असे मात्र नसते. म्हणून त्वचा साठवावी लागते. ती नुसतीच गोठविली, तर पेशींत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी नष्ट होतात. ग्लिसरॉलमुळे ही हानी टळू शकते, हे पोल्ज, स्मिथ व पार्क्स या ब्रिटिश संशोधकांना १९४९ मध्ये शुक्रपेशींवरील प्रयोगांत आढळले. १९५२ मध्ये बिलिंगहॅम व मेडावार यांनी त्वचेवरील असे प्रयोग प्रसिद्ध केले. आज संरक्षक द्रावणात भिजविलेली त्वचा मिनिटाला सुमारे एक अंश या मंद गतीने थंड करतात आणि द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने अतिशीत तापमानात ठेवतात. गोठविणे सावकाश, पण वितळविणे झटपट, हे या तंत्राचे सूत्र आहे. वापरण्यापूर्वी ती कोमट पाण्याच्या उष्णतेने वितळवून धुऊन घेतात.

या पद्धतीने पुष्कळ पेशी जिवंत राहतात. पण यंत्रसामग्री व नायट्रोजनचा अखंड पुरवठा यांचा खर्च मोठा असतो. त्यामुळे ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, चार ते आठ अंश सेल्सियसला त्वचा ठेवण्याची सोपी पद्धतही रूढ आहे. तीत पेशी जगत नाहीत, तरी जखमेचे आच्छादन म्हणून त्वचा उपयुक्त ठरते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली.

तंत्र कितीही प्रगत असले, तरी दात्यावाचून पेढी रितीच राहणार. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते. मांड्या, पाय व पाठ येथील केवळ वरचा पातळ थर काढला जातो. देह विद्रूप होत नाही आणि अंत्यसंस्कारात बाधा येत नाही. रक्तगट जुळण्याचीही आवश्यकता नसते. संसर्गजन्य रोगांच्या तपासण्या मात्र कटाक्षाने होतात. दुःखाच्या त्या घटकेला निर्णय कुटुंबीयांनाच घ्यावयाचा असतो. म्हणून आपली इच्छा प्रत्येकाने हयातीतच घरच्यांना सांगून ठेवणे अगत्याचे आहे.