दोनच पक्ष, मग मत कुणाला?

मतदान यंत्रावर नावांची लांबलचक रांग पाहायची सवय असलेल्या आपल्याला अमेरिकेतला मतदार सुखी वाटतो. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन, दोनच मोठे पक्ष. त्यातला एक निवडायला कितीसा विचार लागणार?

पॉल लाझार्सफेल्ड हे समाजशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी १९४० साली नेमकं हेच शोधायला निघाले. अध्यक्षपदासाठी रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी लढत होती. त्यांनी ओहायो राज्यातली ईरी काउंटी निवडली आणि तिथल्या ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन:पुन्हा गाठलं. प्रचाराने माणूस कसा वळतो, हे पाहायचं होतं. दिसलं ते उलटंच. जवळजवळ निम्म्या लोकांचं मत मे महिन्यातच ठरलेलं होतं. एका पक्षाकडून सरळ दुसऱ्याकडे गेलेले शंभरात जेमतेम आठ.

मग ठरत होतं कशावर? सुखवस्तू, प्रॉटेस्टंट, खेड्यात राहणारा माणूस बहुधा रिपब्लिकन. गरीब, कॅथलिक, शहरातला बहुधा डेमोक्रॅट. भाषणं आणि रेडिओ यांपेक्षा घरातल्यांचं, शेजाऱ्याचं, कारखान्यातल्या सोबत्याचं बोलणं अधिक वजनदार. (रेडिओवरून हे सांगताना मला थोडं अवघडल्यासारखं होतंय!)

खरी गंमत कुंपणावरच्यांची. आपण समजतो, शेवटपर्यंत थांबणारा मतदार दोन्ही बाजू तोलून पाहत असणार. ईरीत तसं आढळलं नाही. उशिरा ठरवणाऱ्यांना निवडणुकीत रसच कमी होता. काही जण कात्रीत सापडलेले होते. समजा, एखादा श्रीमंत कॅथलिक: पैसा एकीकडे ओढतो, धर्म दुसरीकडे. असा माणूस निर्णय पुढे ढकलतो, कधी मतदानच टाळतो. आणि चुरशीच्या लढतीत निकाल फिरवू शकतात ती नेमकी हीच माणसं. मला ही गोष्ट अस्वस्थ करते.

दोन्ही पक्ष नकोत, असं ज्याला वाटतं त्याची अडचण वेगळीच. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं मिळाली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात एकही मत नाही. २००० साली फ्लोरिडात जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि तेवढ्यावर अध्यक्ष झाले. त्याच राज्यात ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं पडली होती. त्यातले बरेच जण नाइलाजाने का होईना, अल गोर यांच्याकडे गेले असते, असं पुष्कळांना वाटतं. नेडर यांना ते मान्य नव्हतं. मनापासून आवडलेल्याला मत द्यायचं, की नावडत्याला रोखायचं, हा पेच तिथल्या मतदाराला दर चार वर्षांनी पडतो.

मात्र पक्षनिष्ठा म्हणजे दगडावरची रेघही नव्हे. ही ईरी काउंटी २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांच्या मागे होती. २०१६ पासून तिन्ही वेळा तिने ट्रम्प यांना कौल दिला. एकेकाळी डेमोक्रॅटांचा आधार असलेला गोरा कामगार मोठ्या संख्येने रिपब्लिकनांकडे गेला आहे आणि पदवीधरांचा ओढा डेमोक्रॅटांकडे वाढला आहे. लाझार्सफेल्ड आज ईरीत परतले असते, तर पैसा आणि धर्म यांच्या शेजारी त्यांना शिक्षणाचाही रकाना आखावा लागला असता.