वाट मोकळी करणारा वीर : मेजर रामा राघोबा राणे



रणांगणावर देह ठेवणाऱ्या वीरांपुढे समाज नतमस्तक होतो, आणि ते उचितच आहे. परंतु जो वीर पराक्रम गाजवून परत येतो आणि आपल्याच शेजारी चारचौघांसारखा संसार करतो, त्याचे ऋण समाजाच्या लक्षात राहते का? परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामा राघोबा राणे यांचे स्मरण करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या सततच्या बदल्यांमुळे शिक्षण गावोगावच्या शाळांत तुकड्यातुकड्यांनी झाले. १९३० च्या सत्याग्रहाने बारा वर्षांच्या रामाला इतके भारले, की चिंतित वडिलांनी कुटुंब चेंडियाला परत नेले. १९४० साली हाच तरुण बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाला. ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्याने जपान्यांशी झुंज घेतली आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी तो सैन्याधिकारी झाला.

त्या वेळी राजौरी आक्रमकांच्या हाती होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये तेथील हिंदू आणि शीख कुटुंबांवर भीषण अत्याचार झाले होते. नौशेराहून निघालेल्या आपल्या फौजेपुढील रस्ता शत्रूने भूसुरुंग पेरून, पाइनचे वृक्ष आडवे पाडून आणि मोऱ्या उडवून अडविला होता. ८ एप्रिल १९४८ रोजी काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. राणे यांचे दोन सहकारी धारातीर्थी पडले, पाच जण जखमी झाले. त्या जखमींत स्वतः राणेही होते. तरीही ते मागे हटले नाहीत. पुढच्या रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, दोराने चालकाला थांबण्या-निघण्याच्या खुणा करीत त्यांनी सुरुंग निकामी केले. अन्न-विश्रांतीची पर्वा न करता चार दिवस हे काम चालले. रस्ता खुला झाला, चिंगस मागे पडले आणि १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत पोहोचली.

शत्रूवर तुटून पडण्यास शौर्य लागते. पण गोळ्यांच्या वर्षावात थरथर न होता सुरुंग उकरण्यास शौर्याबरोबर अढळ संयम लागतो.

१९४७-४८ च्या युद्धातील पाच परमवीरचक्रांपैकी तीन मरणोत्तर होती. राणे आणि लान्सनायक करमसिंग हे दोघेच तो सन्मान पाहण्यास हयात होते. १९५५ साली राणे यांचा विवाह झाला. पुढे चार अपत्यांचा संसार त्यांनी केला. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. राजौरीनंतर तब्बल ४६ वर्षे हा परमवीर पती, पिता आणि नागरिक म्हणून जगला.

२३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. हे योग्यच झाले. परंतु सैनिकाचे देणे बेटाला नाव देऊन फिटत नाही. त्याच्या बदल्या, त्याची दीर्घ अनुपस्थिती, त्याच्या जखमा हे सारे त्याची पत्नी आणि मुलेही सोसत असतात. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत निवृत्त सैनिकाचे घर कोठे आहे, हे आधी शोधावे. मुलांना घेऊन त्या घरी जावे. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांपासून दवाखान्यापर्यंत काही अडचण असल्यास आपुलकीने विचारावे. ज्याने देशासाठी वाट मोकळी केली, त्याच्या उतारवयाची वाट सुकर करणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

भारतमाता की जय.